रुईच्या पानावरची अक्षता

“या घरात तेल पितं कोन?”

बाबा ओसरीवर उभे राहून ओरडत होते. बाबांचा आवाज म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मिठागराच्या या बांधावरून त्या बांधावर बोलून बोलून तो असा तयार झाला होता की ते घरात नुसते शिंकले तरी खाडीपलीकडे करंज्याला लोक वादळ आलं म्हणून होड्या बांधायला धावत. मी वाढवून सांगते आहे असं वाटत असेल तर करंज्याला जाऊन विचारून या. आमच्याकडे तेलाची बाटली देवाच्या खालोखाल. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून तळपाय भेगाळतात, संध्याकाळी त्यांना खोबरेल लागतंच, आणि बाबांचे पाय तर उन्हाळ्यातल्या शेतासारखे, एकेका भेगेत पावली हरवावी असे. ती बाटली त्या वेळी परसात माझ्या मांडीवर होती. मी रुईच्या झुडपामागे उकिडवी बसले होते आणि एका रुईच्या पानाला, बाळंतिणीच्या पोराला चोळावं तसं, वरून खालून तेल चोळत होते.

“मांजर प्याली असंल,” आई आतून म्हणाली.

“मांजर पिऊन वर बूच लावून ठेवते?”

“शिकलेली असंल. तुमची पोरगी नाय का शिकलेली.”

मी तेव्हा रेवसजवळच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होते आणि घरात काहीही बिघडलं की ते माझ्या शिक्षणाच्या खात्यावर टाकायची पद्धत होती. दूध नासलं, कोंबडी खुडूक बसली, भाऊबीजेला मामा आला नाही, सगळ्याला माझी पुस्तकं कारण. या खेपेला मात्र आईचा नेम बरोबर लागला होता. तेल खरंच शिक्षणापायी चाललं होतं, आणि त्या तेलावर माझ्या आत्याचं लग्न अवलंबून होतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, यमुना. तिचं लग्न राहून गेलं होतं. आधी आजीचं आजारपण आलं, मग मी आले, मग माझ्या आईचा स्वयंपाक आला. आई मिठागरात दोन गड्यांच्या बरोबरीची, मिठाची भरलेली टोपली डोक्यावर घेऊन ती अरुंद बांधावरून पळत जाई, पण चुलीपुढे बसली की तिच्या हाताला चव सोडून सगळं होतं. तिने केलेली भाकरी एकदा बैलाने हुंगली आणि मान फिरवून माझ्याकडे बघितलं, ती नजर मी अजून विसरले नाही. उलट आत्याची तांदळाची भाकरी इतकी पातळ की तिच्यातून मी धडे वाचत असे. आत्याने जिताडा माशाचं कालवण रटरटायला ठेवलं की वास वाऱ्यावर बसून बंदरापर्यंत जाई, आणि एकदा तर त्या वासाने रेवसची लाँच वाट चुकून आमच्या बांधाला लागली होती. सकाळी उठल्यावर पहिला आवाज तिच्या भाकरी थापण्याचा, मग बाबांच्या खाकरण्याचा, मग मिठागराच्या फळीतून भरतीचं पाणी आत सुटल्याचा खळखळाट. हे तीन आवाज त्या क्रमाने आले नाहीत तर मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. आजही पनवेलच्या फ्लॅटमध्ये जाग आली की मी थाप ऐकू येते का म्हणून क्षणभर थांबते, आणि मग शेजारच्यांचा मिक्सर सुरू होतो.

आत्याला पसंत पडलेला माणूस लाँचवर तिकिटं फाडत असे. दामोदर त्याचं नाव, राहणारा करंज्याचा. आत्या पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन भाऊच्या धक्क्याला विकायला जाई, येताना टोपली रिकामी आणि कमरेला बटवा. हा दामोदर सगळ्या लाँचला दरडावून तिकीट मागायचा, आत्यापाशी आला की एकदम समुद्राकडे बघायला लागायचा. टोपलीचं वेगळं तिकीट असे, ते त्याने तिच्याकडून कधी घेतलं नाही. एवढ्यावर त्यांचं प्रेम होतं. हल्लीच्या पोरांना सांगितलं तर ती विचारतात, पुढे काय? पुढे काही नाही. तो समुद्राकडे बघायचा आणि ही कांद्याच्या टोपलीकडे बघायची, आणि दोघांचे कान लाल.

पण त्याच दामोदरने बाबांच्या कोंबड्याचं तिकीट फाडलं. बाबा मुंबईला मामांकडे कोंबडा घेऊन चालले होते आणि तो कोंबडाही आमचाच, म्हणजे मिजाशीचा. बाबांच्या मांडीवर बसायचं सोडून तो शेजारच्या बाकावर ऐसपैस बसला.

“कोंबड्याचं अर्धं तिकीट,” दामोदर म्हणाला.

“हा मानूस हाय का?”

“माणसाच्या जागेवर बसलाय.”

“माज्या भैनीच्या टोपलीचं तिकीट घेत नायस, आनि कोंबड्याचं घेतोस?”

“टोपली बाकावर बसत नाही,” दामोदर म्हणाला, आणि लाँच हसली. सगळी लाँच, चालकासकट. बाबा उभे राहिले आणि त्या हसणाऱ्या माणसांपुढे त्यांनी शपथ घेतली की मी जिवंत हाय तवर या मानसाचं तोंड बगनार नाय. कोंबड्याने त्यावर बांगही दिली, म्हणजे साक्ष झाली. आमच्या गावात माणसाचं घर पडलं तर लोक बांधून देतात, शब्द पडला तर कुणी बांधून देत नाही. म्हणून पुढल्या होळीच्या आधी दामोदरने आमच्या गुरवकाकांच्या तोंडून आत्याला मागणी घातली तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, “कोन, कोंबडेतिकीट?” आणि पाणी प्यायला निघून गेले.

आत्याने दुसऱ्या दिवशी वालाचं बिरडं केलं, वर खोबरं, कोथिंबीर, सगळं जिथल्या तिथे. आम्ही पहिला घास घेतला आणि तिघांनी एकमेकांकडे बघितलं. बिरड्यात मीठ नव्हतं. संध्याकाळच्या कालवणात नव्हतं. सकाळच्या भाकरीत नव्हतं. अंगणात मिठाचे ढीग गवताने शाकारून ठेवलेले, खळ्यात मीठ, वाऱ्यात मीठ, दाराच्या कड्या मिठाने खाल्लेल्या, आणि ताटात अळणी. मिठागरवाल्याच्या बहिणीने भावाशी भांडायचं ठरवलं तर तिच्याकडे दुसरं हत्यार कोणतं असणार? आणि बाबांचाही पीळ असा की घरात मीठ मागितलं तर हरलो. ते मुकाट्याने चावत आणि खिडकीतून बाहेरच्या ढिगाकडे, सावत्र मुलाने मिठाईच्या दुकानाकडे बघावं तसे बघत. एकदा मी त्यांना आगरात डबा द्यायला गेले तेव्हा ते पाठमोरे उभे राहून आपला तळहात चाटत होते.

“किती दिस चालायचं ह्ये?” शेवटी आईनेच तोंड उघडलं. “माझं अंग सुजायचं बंद झालं, ह्ये बरंच झालं, पन जीभ मेली. मारुतीला कौल लावा आनि सोडवा.”

आमचा मारुती वेशीवर, आगराच्या बांधाला लागून, उघड्यावर. डोक्यावर छप्पर नाही, मागे पिंपळ, आणि भोवती रुईचं रान. खारी हवा, मुरूम, रुईला आणखी काय पाहिजे. कौल लावायची आमच्या गावची तऱ्हा अशी होती. शनिवारी सकाळी देवाला अंघोळ घालायची, अंगावरच्या सगळ्या माळा उतरवायच्या, आणि ओल्या शेंदराच्या गोळ्याने दोन्ही खांद्यांवर एकेक रुईचं पान देठाशी चिकटवायचं. उजवं पान मागणाऱ्याचं, डावं नाही म्हणणाऱ्याचं. मग गप्प बसायचं. ज्याचं पान आधी गळेल त्याच्या बाजूने कौल. पण गळायच्या आधी एखादा जीव येऊन पानावर बसला तर तो देवाने धाडला असं समजायचं, आणि मग गळण्याची वाट बघायची गरज नाही. यातून माशी आणि मुंगी वगळलेली. “माशीचा कौल धरत नाय,” गुरवकाका सांगत, “ती कुठंबी बसते.” या वाक्यात किती शास्त्र भरलं आहे हे मला पुढे जन्मभर शास्त्र शिकवल्यावर कळलं. त्या वयात मला एवढंच सुचलं की कुठंबी न बसणारा एक जीव माझ्या ओळखीचा आहे.

रुईवर येतात ती फुलपाखरं. नारिंगी, पंखांच्या टोकाला काळं, त्यात पांढरे ठिपके. पुस्तकात त्यांना बिबळ्या कडवा म्हणतात, आम्ही रुईची पाखरं म्हणत असू. आमच्या शास्त्राच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं की फुलपाखराला पायाने चव कळते. सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणी विचारलं, मग ते चप्पल घालून जेवत नसेल ना? मी मात्र घरी येऊन रुईपुढे बसले, आणि बघते तो खरंच. मादी झुडपाभोवती फेऱ्या मारते, हिरवं दिसलं की उतरते. पण डोळ्यांवर तिचा भरवसा अर्धाच. पुढचे दोन पाय तिचे आखूड, एरवी छातीशी दुमडलेले. पानावर बसली की ते बाहेर काढते आणि पानावर आपटते, टकटक, टकटक, वाल शिजला का बघायला आत्या दाणा चिमटीत दाबायची त्याच घाईने. त्या पायांवर चवीचे केस असतात. प्रत्येक झाडाच्या पानावर त्या झाडाचे स्वतःचे रस, स्वतःची कडवट-तुरट खूण. ती खूण पायाला लागली की शेपटाचं टोक पानाच्या खाली वाकवते आणि खसखशीएवढं एक पांढरं अंडं चिकटवून जाते. खूण लागली नाही तर उडून जाते, पान कितीही हिरवंगार असो.

हा एवढा चोखंदळपणा कशासाठी, तर पोरांसाठी. अंड्यातून निघालेली अळी नखाच्या कोरीएवढी, तिला हे झाड सोडून दुसरं शोधायला जाणं शक्य नाही, आणि रुईच्या जातीचं नसेल तर ती खात नाही, उपाशी मरते. रुईचं दूध म्हणजे जहर. गुरं तोंड लावत नाहीत, डोळ्यात गेलं तर डोळा जातो. ही पोरगी तेच जहर चापून खाते आणि अंगात साठवते, मग पक्षी तिला एकदा खाऊन बघतो, ओकतो आणि जन्मात पुन्हा नाव घेत नाही. आईने पायाने घेतलेल्या त्या एका चवीवर सगळा संसार. स्थळ बघायला गेलेल्या किती माणसांनी एवढी परीक्षा केली असेल? आमच्याकडे तर घरापुढचा रस्ता बघून हो म्हणत.

आता प्रश्न असा होता की मारुतीच्या दोन्ही खांद्यांवर रुईचीच पानं. पाखराने उजवंच का निवडावं? म्हणून मी परसात प्रयोगशाळा उघडली. वडाचं पान, फणसाचं पान, कोवळं रुईचं, जून रुईचं, सगळी काटकीला बांधून झुडपाच्या जागी उभी केली आणि झुडपावर आईचं जुनं लुगडं पांघरलं. पाखरं वडावर उतरली, टकटक केली, गेली. फणसावर उतरली, गेली. कोवळ्या रुईवर अंडं. मग फणसाच्या पानाला रुईचा पाला चुरगळून चोळला, तर बाई फणसावर अंडं. तिच्या पायाला कोण सांगणार की हा फणस आहे? मला चेवच आला. मी दिसेल त्याला रुई चोळू लागले. काटकीला चोळली, पाट्याला चोळली, आणि लुगड्याच्या काठालाही चोळली, तर त्या काठावर इतकी अंडी पडली की आईला वाटलं खडीकाम केलंय.

“डोले जातील एखाद्या दिवशी,” आई म्हणाली. “त्या चिकाचे हात डोल्याला लावू नकोस. आनि लुगडं धुऊन दे.”

आणि मग शेवटचा प्रयोग, तेलाचा. मारुतीला तेल-शेंदूर लागतो हे डोक्यात होतंच. रुईच्या चांगल्या कोवळ्या पानाला तेल चोळलं आणि बसले. मादी आली, उतरली, टकटक, पाय झटकले, पुन्हा टकटक, आणि निघून गेली. दुसरी आली, तीही गेली. तेलाच्या थराखाली रुईची चव दडली होती. तेल लावलं की रुई रुई राहत नाही, नुसतं हिरवं काहीतरी राहतं. मी खात्री करायला आठवडाभर रोज पानं तेलात बुडवली, आणि म्हणून बाबा ओसरीवर ओरडत होते.

मी बाटली पदराखाली घेऊन मागच्या दाराने आत गेले, ती फळीवर ठेवली आणि मोठ्या साळसूदपणे बाबांपुढे उभी राहिले.

“बाबा, कौलाचं तुमचं पान तुम्ही नुसतंच लावणार?”

“मंग काय त्याला झालर लावू?”

“नाही, मी म्हणते, लोक माळेच्या पानांवर रामनाम लिहितात. तुमच्या पानावर रामनाम असलं तर मारुती दुसरीकडे बघेल तरी का?”

बाबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग बाटलीकडे बघितलं. मग म्हणाले, “व्हय. शेंदूर तेलात कालवून लिवायला लागंल.” मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी उगाच पाणी भरायला गेले आणि भरलेल्या हंड्यात पाणी ओतत बसले. एवढा मोठा माणूस, एवढा आवाज, आणि माझ्या एका वाक्याला फसला. त्या दिवशी मला वाटलं, आपण दिल्लीत बसून राज्य चालवायला हवं.

आत्याला मी सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. “माजं पान कुठलं घेऊ?” तिने विचारलं. शेंड्याखालचं, कोवळं, मी म्हटलं, आणि लावायच्या आधी मागून नखाने हलका ओरखडा काढ, दूध येऊ दे. ती थांबली. “आनि तिनं नाय निवडलं तर?” तिच्या आवाजात जे होतं ते ऐकून मला पहिल्यांदाच कळलं की हा खेळ नाही. कौल एकदा गेला की गेला, आमच्या गावात देवाला कुणी पुन्हा विचारत नाही. हिचं सगळं उरलेलं आयुष्य एका पाखराच्या पायाला बांधून मी मजा मारत होते. मग शुक्रवारी आम्ही दोघी कोयता घेऊन गेलो आणि पुण्य म्हणून मारुतीभोवतीची सगळी रुई कापून आणली. तिच्या अशा लांब माळा केल्या की मारुतीला नेसवून उरतील. उद्देश हा की पोटात अंडी घेऊन फिरणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी त्या परिसरात दोनच पानं मिळावीत. “पोरी, केवढी भक्ती,” गुरवकाकांचे डोळे भरून आले. भक्ती होतीच की, नाही कशी म्हणू.

शनिवारी सगळं गाव बांधावर. मीठ ओढायची फावडी जिथल्या तिथे टाकून माणसं आली होती. लांब बांधाच्या टोकाला एक माणूस ऐन उन्हात छत्री उघडून, ती तोंडापुढे आडवी धरून उभा. तो दामोदर. बाबांनी तोंड न बघायची शपथ घेतली होती ना, म्हणून त्याने ती जबाबदारी आपल्याकडे घेतली होती. छत्रीखाली नुसते खाकी पाय दिसत होते.

गुरवकाकांनी माळा उतरवून लांब टोपलीखाली झाकून ठेवल्या, देवाला अंघोळ घातली, आणि उजव्या खांद्यावर आत्याचं पान लावलं. बाबांचं पान त्यांनी हातात घेतलं आणि घेताच त्यांच्या कोपरापर्यंत ओघळ आला. बाबांनी नुसतं रामनाम लिहिलं नव्हतं. पुढून राम, मागून राम, कडेने राम, आणि रामात राम मिसळून सगळं पान शेंदरी. तेल तर असं की ते पान नव्हे, कढईतून आत्ताच काढलेलं भजं वाटावं. “भक्ती,” गुरवकाका पुन्हा म्हणाले आणि हात धोतराला पुसला.

मग गप्प. पाण्याची डबडब, पिंपळाची सळसळ. एक माशी डाव्या पानावर बसली, काकांनी तिला मोजली नाही. एक मुंगळा देवाच्या पायावर चढला आणि गुडघ्यावरून परत फिरला. आणि मग बांधाच्या पलीकडून ती आली. नारिंगी, वर-खाली, वर-खाली, काल इथे जे रान होतं ते आज कुठे गेलं अशा चेहऱ्याने. पिंपळाभोवती फिरली, एका म्हातारीच्या हिरव्या काकणावर उतरू पाहिलं, उडाली, आणि सरळ जाऊन बाबांच्या पानावर बसली.

माझं काळीज माझ्या पायात गेलं आणि तिथून मिठागरात. आत्याने डोळे मिटले. “बसली,” गुरवकाका ओरडले, “जीव बसला.” तिने टकटक केली. पाय उचलला, झटकला. दुसरा उचलला, झटकला. पुन्हा टकटक, आणि उडाली. आता गावात दोन तट पडले. बसली म्हणणारे आणि उठली म्हणणारे. एवढा गोंगाट झाला की पाखरू वर पिंपळाच्या शेंड्याला गेलं. निकाल बाबांच्या बाजूने लागायला आलाच होता, काकांनी तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात बाबाच म्हणाले, “बसली नाय. टेकली. देवानं तोंड लावून बगितलं आनि नको म्हनाला. मी खोटा कौल घेनार नाय.” त्यांच्या आवाजापुढे कोण बोलणार? मी मनात म्हटलं, केवढा सरळ माणूस, आणि याला मी फसवते आहे. त्या एका क्षणी मला थोडीशी लाज वाटली, पण मी ती पुढच्या क्षणावर ढकलली.

कारण पुढच्या क्षणी पाखरू परत खाली आलं. या वेळी उजव्या पानावर. टकटक. टकटक टकटक. मी माझी बोटं आत्याच्या दंडात रुतवली होती, ती खूण तिने लग्नात पदराखाली लपवली. तिने पानाची कड धरली, शेपूट खाली वाकवलं, घटकाभर तशीच स्थिर राहिली, आणि मग निघून गेली, काम झालेल्या बाईसारखी, मागे न बघता. पानाच्या खालच्या अंगाला एक पांढरा कण. गुरवकाकांना समोर उभी असलेली म्हैस दिसत नसे, त्यांना काय दिसणार? म्हणून मीच म्हटलं, मोठ्याने, “काका, तिने अक्षता ठेवली.”

“अक्षता,” काका म्हणाले. “देवानं अक्षता टाकली.” मग सगळं गाव तेच म्हणू लागलं, आई हसायला लागली ती थांबेना, आणि लांबवर ती छत्री वाऱ्याने नव्हे, आनंदाने उलटी झाली. बाबांनी मान वळवली आणि उलट्या छत्रीखालच्या त्या लाल चेहऱ्याकडे सगळ्या गावादेखत बघितलं. बराच वेळ बघितलं. “उन्हात काय उभा ऱ्हायलास?” ते म्हणाले. “कोंबड्याला तरी सावलीत बसवला व्हतास.”

हल्ली माझी नात मोबाईलवर फुलपाखराचे पाय मोठे करून दाखवते, त्यावरचे चवीचे केस दाखवते, आणि म्हणते, आजी, हे तुला तेव्हा माहीत होतं? मी म्हणते, तेव्हा तर मला याहून मोठे दिसत. न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला धुळीत अजून रुई उगवते. मी रिक्षा थांबवून पानं उलटून बघते, आणि कंटेनरवाले म्हातारीचं काय हरवलं म्हणून मान काढून बघतात. करंज्याची आत्या आता माझ्याहून ताठ चालते आणि तिच्या कालवणात मीठ जरा जास्तच असतं. तिचे दामोदरराव म्हणतात, मागची भरपाई चालू आहे.

पण त्या शनिवारचं जेवण सांगायचं राहिलं. शनिवार म्हणून मासळी नाही, वालाचं बिरडं. आत्याने ताटं वाढली. बाबांनी पहिला घास घेतला, चावला, आणि त्यांच्या कपाळावरची महिन्याभराची आठी हळूहळू उलगडत गेली, ओढणीची गाठ सुटावी तशी. मीठ होतं. बरोबर होतं. मग नुसते भुरक्यांचे आवाज. माझ्या पोटात मात्र गुपित मावेना. एवढा मोठा डाव जिंकायचा आणि कुणाला सांगायचं नाही, हे माझ्याने कधी झालेलं नाही.

“बाबा,” मी म्हटलं, “तुमच्या पानाला तेल नसतं ना, तर पाखरू तिथेच अंडं देणार होतं. तेल असलं की तिला चव लागत नाही. मी परसात बघून ठेवलं होतं. म्हणून तुम्हाला रामनाम लिहायला सांगितलं.”

आत्याचा हात वाढता वाढता थांबला. बाबांनी ताटातून मान वर केली नाही.

“बाटली माजी,” ते म्हणाले. “कुठं जाते बगायला नको? कुडाच्या फटीतून रोज बगत व्हतो. फनसावर बसवलीस ती मना लई आवडली.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग एवढं तेल…”

“शब्द भरल्या लाँचीत दिल्ता. मना मोडता येत नव्हता, देवाला येतो. यमे, भात वाढ.”

आत्याने भात वाढला, आणि तो वाढताना तिचे डोळे असे वाहू लागले की बिरडं आता खारट होतं की काय. मी मात्र हरल्याच्या रागाने लाल झाले होते. जगात माझ्याहून लबाड माणूस माझ्याच घरात निघावा, हे मला सहन होईना.

“पण बाबा,” मी म्हटलं, “म्हणजे आपण दोघांनी मिळून मारुतीला फसवलं.”

बाबांनी भातात बिरडं कालवलं.

“फसवलं कुठं,” ते म्हणाले. “त्याला तेल आवडतं.”